सोहिरोबानाथ आंबिये: चमत्कार सोडून पोरांना काय सांगायचं?

तेरेखोलकाठी
मंडळी, जरा मदत करा. गावच्या वाचनालयाने रामनवमीच्या आठवड्यात सोहिरोबानाथांवर बोलायला सांगितलंय. समोर नववी-दहावीची मुलं, मागच्या खुर्च्यांवर पेन्शनर मंडळी. मी हायस्कूलला मराठी शिकवायचो, आता रिटायर, त्यामुळे असल्या कामाला गावात पहिला नंबर माझाच लागतो.

अडचण अशी की नाथांची गोष्ट इकडे सगळ्यांना पाठ आहे. १७१४ साली बांद्याला जन्म, घरात कुलकर्णीपण म्हणजे गावच्या हिशेबाचं वतन, सावंतवाडी दरबारचं बोलावणं आलं म्हणून निघाले, वाटेत इन्सुलीच्या रानात फणस खायला बसले, तिथे गहिनीनाथ भेटले, अनुग्रह झाला, कुलकर्णीपण सुटलं. मग ग्रंथ, पदं, उत्तरेची यात्रा, ग्वाल्हेरला महादजी शिंद्यांना सुनावलं, उज्जैनला मठ, आणि १७९२ च्या रामनवमीला मठातून जे निघाले ते परत कोणाला दिसले नाहीत. झालं. दहा मिनिटं. मग पोरं विचारणार 'सर, गेले कुठे ते?' आणि उरलेला वेळ त्यातच जाणार.

माझं मत थोडं वेगळं आहे. मला ते आधी मास्तर वाटतात, संत नंतर. 'हरिभजनावीण काळ घालवू नको रे' हे पद पेटी-पखवाज बाजूला ठेवून नुसतं वाचा. देव कसा दिसतो, किती दयाळू आहे, यावर एक ओळ नाही. मालवू नको, कालवू नको, हालवू नको, सगळं असंच. वर्गात उभा राहून बोलणारा माणूस डोळ्यासमोर येतो. तुम्हाला काय वाटतं? आणि यातलं पंधरा वर्षांच्या पोरापर्यंत काय पोचेल?

मालवणी_मिरची
सगळा ठीक, पण तो फणस कापो होतो काय रसाळ, ता आधी सांगा.

संकासूर
मिरचीबायचा प्रश्न महत्त्वाचा आहे, येतो त्यावर. आधी दुसरं. गहिनीनाथ म्हणजे निवृत्तीनाथांचे गुरू, आणि निवृत्तीनाथ ज्ञानेश्वरांचे. ज्ञानेश्वरी १२९० ची. इन्सुलीची भेट अठराव्या शतकातली. मध्ये चारशेच्या वर वर्षं जातात. मुलं गणितात एवढी कच्ची नसतात सर, कोणीतरी हात वर करणारच. तेव्हा काय सांगाल, योगी चिरंजीव असतात? मला विचाराल तर हा भाग सरळ गाळा. एका दप्तरवाल्या माणसाला रानात एक अनोळखी जोगी भेटला आणि माणूस बदलला, एवढं पुरे आहे.

हायवे६६
इन्सुली घाटीत मंदिर आहे नाथांचं, हायवेवरनं दिसतं. गोव्याला जाणाऱ्या किती गाड्या रोज तिथून जातात आणि एकाला विचारा कोणाचं मंदिर, नाही सांगता येणार. आम्ही ड्रायव्हर लोक आपले हॉर्न देऊन हात जोडतो आणि वळण घेतो.

पेटीवाले_बुवा
सर, तुम्ही पेटी-पखवाज बाजूला ठेवायला सांगताय, आमच्या पोटावर पाय 😄

आता सिरियसली. मी डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला बसतो, सप्ताहालाही गातो. हे पद आमच्याकडे असं मुरलंय की बुवाने पहिला शब्द उच्चारला की कोरस पुढचं उचलतो. पण एक गंमत बऱ्याच वर्षांपासून बघतोय ती सांगतो. तिसऱ्या कडव्यात 'संतसंगतीने उमज, आणुनि मनी पुरते समज, अनुभवावीण मान हालवू नको रे' असं आहे. ही ओळ आली की अख्खा मांडव मान हलवतो. पुढे बसलेले म्हातारे तर डोळे मिटून हलवतात. झांजवाला हलवतो, चकीवाला हलवतो, आणि खोटं कशाला बोलू, गाताना माझीपण हलते. नाथ सांगतायत की बाबा स्वतःला अनुभव नसताना होकार देऊ नको आणि आम्ही सगळे एका तालात 'व्वा बुवा' करतोय.

मुलांना हे सांगा. किंवा सांगूच नका, आधी पद लावा, कोण कोण मान हलवतंय ते बघून ठेवा आणि मग ओळ वाचून दाखवा.

तेरेखोलकाठी
बुवा, हे भन्नाट आहे. वर्गात तीस वर्षं हाच अनुभव घेतला. 'कळलं का?' विचारलं की सगळ्या माना एकदम खालीवर. ज्याला कळलेलं नसतं त्याची सगळ्यात जोरात.

आवाठातली
तुम्ही सगळे नाथांचं दप्तर सुटलं, दप्तर सुटलं म्हणून कौतुक करताय. कुलकर्णीपण सुटलं म्हणजे घरात येणारं भात सुटलं ना? घरच्या बाईने त्या वर्षी चूल कशी पेटवली ही गोष्ट एकाही कीर्तनात मी ऐकलेली नाही. तुकोबांच्या घरी निदान आवली आहे, चार शब्द बोलते तरी. इथे सगळा उजेड रानातल्या भेटीवर आणि घर अंधारात. नाथांवर राग नाही माझा, पद मलाही पाठ आहे, आईने शिकवलंय. पण मुलींनाही बोलावलंय ना कार्यक्रमाला? मग त्यांच्या डोक्यात हा प्रश्न येणार हे धरून चला.

संकासूर
आवाठातली, मुद्दा बरोबर आहे पण थोडं सांभाळून. कुलकर्ण म्हणजे आजच्यासारखी नोकरी नव्हे की राजीनामा दिला आणि पगार बंद. वतन होतं, घराण्याचा हक्क. एक भाऊ उठला की दुसरा बसतो.

आवाठातली
भाऊ बसतो हो. बायको कुठे बसते?

मालवणी_मिरची
संकासुरा, गप रव आता 😂

विर्नोड्याचो_पोरगो
आमच्या पेडण्यात विर्नोड्याला सरकारी कॉलेज आहे त्याला नाथांचंच नाव आहे, संत सोहिरोबानाथ आंबिये कॉलेज. म्हणजे गोव्यात नाव आहे, सिंधुदुर्गात मंदिर आहे, उज्जैनला मठ होता. पण पुण्यात कोणाला विचारा, गाणं माहीत असतं आणि ते गायक जितेंद्र अभिषेकीबुवांचं म्हणून. शेवटच्या कडव्यात 'सोहिरा म्हणे' येतं ते कानावरून जातं. हे असं का झालं असेल?

संकासूर
काळ बघा ना. १७१४ ते १७९२. त्याच काळात तिकडे बारामतीला मोरोपंत (१७२९ ते १७९४), आर्यांवर आर्या. पेशवाईच्या अखेरीकडे लावण्या-पोवाडे. पुस्तकात अठराव्या शतकाचं काव्य म्हटलं की पंडित आणि शाहीर अशा दोन पेट्या ठेवतात आणि नाथ दोन्हीत बसत नाहीत. संत म्हणावं तर संतांचा धडा तुकाराम-रामदासांपाशी संपवून टाकलेला असतो. त्यात वारकरी परंपरेतले नव्हेत, पंढरीच्या वाटेवर त्यांची पालखी नाही, नाथपंथी. दिंडीत ज्याचं नाव घेतलं जात नाही तो कोकणातून वर घाटावर पोचत नाही.

ग्वाल्हेरवाली_वहिनी
मी माहेरची ग्वाल्हेरची, सासर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे या धाग्यावर दोन्हीकडून हक्क सांगते.

तिकडे मराठी घरांत नाथांची गोष्ट जरा वेगळ्या बाजूने सांगतात. महादजी म्हणजे तेव्हा नुसते सरदार नव्हते, दिल्लीच्या बादशहाचा कारभार १७८४ पासून त्यांच्या हातात. आणि महादजी स्वतः भक्तिपर कविता करायचे, ही गंमत इकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. नाथांना त्यांच्यापर्यंत कोणी नेलं तर जिवबादादा बक्षींनी, शिंद्यांचे मोठे सेनापती, आणि ते मूळचे पेडण्याकडचे केरीचे! म्हणजे आपल्याच मुलखातला माणूस आपल्याच माणसाला घेऊन दरबारात गेला. सांगतात ते असं की महादजींनी आपली कविता दाखवली, नाथांनी तोंडावर वाहवा केली नाही. महादजी रागावले तेव्हा नाथांच्या तोंडून पद निघालं, 'अवधूत, नहीं गरज तेरी, हम बेपर्वा फकीरी'. बघा, हिंदीत. समोरचा मराठी, म्हणणारा मराठी, पण सगळा दरबार ऐकत होता ना.

आणि इकडची माणसं तिकडे एवढी का गेली हेही मुलांना सांगा सर. सावंतवाडीचे राजे खेम सावंत यांचं लग्न १७६३ साली शिंद्यांच्या घरात झालं, महादजींची पुतणी सावंतवाडीला आली. सोयरीक जुळली की वाटा उघडतात. त्यात सावंतवाडीचं कोल्हापूरकरांशी भांडण, गोव्यात पोर्तुगीज. पेडणं १७८८ ला पोर्तुगीजांकडे गेलं, म्हणजे नाथ हयात असताना. हिशेब जाणणाऱ्या, लिहित्या हाताच्या माणसाला शिंद्यांकडे भाकरी होती. नाथ मात्र त्याच वाटेने गेले आणि मिळत असलेली भाकरी नाकारून आले, हे मला त्या पदापेक्षाही मोठं वाटतं.

हायवे६६
वैनी, म्हणजे आताच्या भाषेत मोठ्या साहेबाने स्वतःची कविता वाचून दाखवली आणि यांनी लाईक दिलं नाही.

ग्वाल्हेरवाली_वहिनी
अगदी. आणि साहेब चिडला तर ब्लॉकसुद्धा नाही केलं, तिथेच पद म्हटलं.

फणसगरा
आता माझा विषय. मी या धाग्यावर फणसाचा अधिकृत प्रतिनिधी समजा, बागायत आहे घरची.

कापा होता, म्हणजे घट्ट गऱ्याचा. वाद नको. कारणं ऐका. एक म्हणजे बांद्याहून सावंतवाडी दहा-बारा किलोमीटर, तेही चालत, घाटी चढून. बरोबर नेलेला रसाळ फणस वाटेत दाबला गेला तर पिशवीतच लापशी. दुसरं, गोष्टीत नाथ जोग्याला गरे काढून देतात. रसाळ गरा दुसऱ्याच्या हातावर ठेवून बघा, तो मनगटावरून कोपरापर्यंत जातो. तिसरं, रसाळ फणस खाऊन हात चिकाने बरबटलेले, तेल नाही लावायला, अशा हाताने राजाला मुजरा करायला कोण निघेल?

मालवणी_मिरची
चीक कापो असलो तरी लागताच ओ. तेल घेतल्याशिवाय फणसाक हात लावणारो कोकणात जल्माक येवचो आसा.

फणसगरा
मान्य. म्हणजे नाथांकडे खोबरेलाची बाटली होती असं धरू.

संकासूर
आणि फणस पिकलेला, म्हणजे वैशाख-ज्येष्ठ. भेट उन्हाळ्यात झाली हे तुम्ही दोघांनी सिद्ध केलंत. इतिहास संशोधक मंडळाला कळवा.

तेरेखोलकाठी
हसून हसून पुरेवाट झाली. पण खरं सांगू, ही फणसाची गोष्ट मी आजवर घाईने सांगत होतो, लवकर गहिनीनाथांपर्यंत पोचायचं म्हणून. आता वाटतं इथे थांबावं. दरबारचं बोलावणं आहे, उशीर करून चालत नाही, आणि हा माणूस रानात बसून अनोळखी जोग्याला आधी गरे देतो, मग स्वतः खातो. पोरांना हे चित्र लगेच दिसेल, सगळ्यांच्या परसात फणस आहे.

अद्वैत_की_डाळभात
जरा पदाकडे या. पहिल्या कडव्यात 'दोरीच्या सापा भिउनि भवा' आहे. वेदांतातला जुना दृष्टांत, अंधारात दोरी पडलेली असते, आपल्याला साप वाटतो, घाबरतो, दिवा आणला की कळतं. पुढची ओळ म्हणूनच 'अंतरिचा ज्ञानदिवा मालवू नको रे'. दिवा का, तर साप नाही हे बघायला. कीर्तनात पहिली ओळ भीतीची आणि दुसरी भक्तीची अशी वेगवेगळी उलगडतात, तिथे गडबड होते. दोन्ही मिळून एकच वाक्य आहे.

दुसरी गोष्ट. 'हरिभजन' म्हणून सुरुवात केली तरी माणूस पक्का अद्वैती. 'दिसणे हे सरले, अवघे प्राक्तन हे मुरले' हे त्यांचंच. आलो नाही, गेलो नाही, मधलं दिसणं ही भ्रांती, असं सांगणारा माणूस. त्यामुळे 'सर ते गेले कुठे' याचं उत्तर त्यांनी आधीच देऊन ठेवलंय असं म्हणता येईल. ग्रंथही बघा, महदनुभवेश्वरी, सिद्धांतसंहिता, अद्वयानंद, पूर्णाक्षरी, अक्षयबोध. नावांतच कळतं की हा चमत्कार सांगणारा लेखक नाही.

हायवे६६
सर हा दृष्टांत कोकणात सांभाळून सांगा. आमच्याकडे उलटं होतं, दोरी समजून पाय टाकतो आणि फुरसं निघतं.

अद्वैत_की_डाळभात
तरी उत्तर तेच, दिवा घेऊन जा 😄

आवाठातली
अद्वैतवाले, 'भ्रांती' वगैरे ठीक. पण नववीतल्या मुलीला घरात दारूचा त्रास असेल आणि तुम्ही तिला सांगणार की भीती म्हणजे दोरीचा साप? काही साप खरे असतात. हे मी भांडायला म्हणत नाहीये, गावच्या शाळेत समुपदेशनाचं काम करते म्हणून लिहिलं.

अद्वैत_की_डाळभात
ते खरं आहे. आणि पदात तरी साप नाहीच असं धरून चाला असं कुठे आहे, दिवा मालवू नको एवढंच आहे. उजेडात बघितल्यावर खरा निघाला तर काठी घ्यायचीच. पण व्यासपीठावरून बोलताना हे एवढं नीट कोणी सांगत नाही हेही मान्य.

तेरेखोलकाठी
आवाठातली, हे बरं झालं लिहिलंत. तो दृष्टांत मी देईन तेव्हा तुमचं वाक्य जोडून देईन.

पेटीवाले_बुवा
चालीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून बोलतो. अभिषेकीबुवांनी हे पद गायलं आणि घराघरात गेलं, त्यांचे उपकारच आहेत, मंगेशीचा माणूस, आपलाच. पण त्याने एक झालं, गावोगावच्या जुन्या चाली मेल्या. माझे आजोबा हे साध्या भजनी ठेक्यात म्हणायचे, आठ मात्रा, आलाप नाही, तान नाही, प्रत्येक 'नको रे' वर थोडं थांबायचे. त्या थांबण्यात दम होता. आता स्पर्धेत ती चाल लावली तर परीक्षक मार्क कापतात, म्हणतात बुवांची तयारी कमी आहे. सरांचा मुद्दा की हे मास्तराचं पद आहे, तो मला आजोबांच्या चालीत पटतो, कॅसेटच्या चालीत नाही पटत.

विर्नोड्याचो_पोरगो
बुवा ती चाल रेकॉर्ड करून टाका ना कुठेतरी. फोनवर केली तरी चालेल.

सावंतवाडीचो_चाकरमानी
मी उशिरा आलो, सगळा धागा एका दमात वाचला, लोकलमध्ये उभा राहून. मास्तर की संत या वादात मला एक तिसरं दिसतं. नाथ कुलकर्णी होते हे आपण 'सोडलं' एवढ्यापुरतंच सांगतो. पण ती सवय सुटली असेल का? मी स्वतः ऑडिटमध्ये आहे म्हणून वाटतं. कुलकर्ण्याचं काम काय, कोणाचं किती भात, किती वसूल, किती बाकी. खालून कोणी सांगितलं म्हणून आकडा चढवला की वर गोत्यात येतो तोच. आता ते कडवं परत वाचा, 'अनुभवावीण मान हालवू नको रे'. आमच्या साहेबांच्या तोंडचं वाक्य आहे हे! व्हाउचर बघितल्याशिवाय सही करू नको. त्याच्या आधीचं, 'विवेकाची ठरेल ओल, ऐसे बोलावे की बोल, आपुल्या मते उगीच चिखल कालवू नको रे'. ओल जमिनीत ठरली पाहिजे, नुसतं पाणी ओतून चिखल नको. हे लिहिणाऱ्याने भाताच्या कोपऱ्यात उभं राहून पाऊस बघितलेला आहे. त्यामुळे रानात जोगी भेटला आणि माणूस पार बदलला असं जे वर संकासूर म्हणाले ते मला पूर्ण पटत नाही. माणूस तोच राहिला, वही बदलली.

संकासूर
चाकरमानी, हे वाक्य मी ढापणार आहे.

मालवणी_मिरची
आपल्या मते चिखल कालवू नको, ह्या वाक्य ह्या सायटीच्या दारावर लावक होया.

फणसगरा
लावलं तर धागे बंद पडतील.

ग्वाल्हेरवाली_वहिनी
चाकरमान्यांनी छान पकडलंय. आणि महादजींची गोष्ट त्यात चपखल बसते बघा. मोठ्या माणसाची कविता समोर आली, अनुभव आला नाही, मान हलवली नाही. म्हणजे पदात जे सांगितलं ते दरबारात करून दाखवलं. दोन गोष्टी वेगळ्या सांगू नका सर, एकाला लागून दुसरी सांगा. आधी पद आणि मग ग्वाल्हेर.

एक मात्र सांगते, महादजींना खलनायक करू नका. इकडच्या भाषणांत तसं होतं, उन्मत्त सत्ताधीश आणि निर्भय संत. तो माणूस रोज लढाया आणि कर्जं निस्तरत होता, पानिपतात पायाला जखम झालेली, तरी रात्री बसून भजनं रचायचा. अशा माणसाला आपल्या कवितेवर एक बरा शब्द हवासा वाटणं यात वाईट काय? नाथांनी तो दिला नाही. दोघांच्याही जागी स्वतःला ठेवून बघायला सांगा मुलांना.

आवाठातली
हे आवडलं वहिनी. आणि सर, घरचा प्रश्न मी सोडलेला नाही हं. मुलीने विचारलं तर टाळू नका, एवढंच.

तेरेखोलकाठी
टाळणार नाही. उलट मीच विचारेन असं ठरवलंय, 'त्या घरात तुम्ही असता तर काय म्हणाला असता?' उत्तर मी देणार नाही. मला द्यायचंही नाही. मी जर व्यासपीठावरून 'मोठ्या कार्यासाठी त्याग करावा लागतो' म्हटलं तर सगळ्या माना हलतील आणि मग बुवांचा मांडव आणि माझा वर्ग यात फरक काय.

एकूण असं जमवतोय. सुरुवातीला बुवांची आजोबांची चाल, रेकॉर्डिंग नको, बुवा प्रत्यक्ष आले तर बरं. मग फणस, सावकाश. गहिनीनाथांचं नाव घेईन, पण 'नाथपंथाची परंपरा असं मानते' म्हणून, आणि संकासुरांचं चारशे वर्षांचं गणित कोणी घातलंच तर त्याला शाबासकी देईन. मग कुलकर्णी काय काम करायचा ते चाकरमान्यांच्या पद्धतीने, फळ्यावर चार माणसांचं भात मांडून. मग ते कडवं. मग ग्वाल्हेर. उज्जैन आणि रामनवमी शेवटी दोन वाक्यांत, त्यावर प्रश्न आले तर 'दिसणे हे सरले' वाचून दाखवीन. समजावणार नाही.

संकासूर
शाबासकी कसली, गणित घालणाऱ्याला फणस द्या.

अद्वैत_की_डाळभात
सर एक सूचना. फळ्यावर सगळं पद लिहू नका. 'नको' च्या जागा रिकाम्या सोडा आणि पोरांकडून भरून घ्या. काय काय करू नको असं मास्तर सांगत असेल, तर ती काय भरतात ते बघा. 'मोबाईल बघू नको' पहिलं येणार हे लिहून देतो.

हायवे६६
आमच्या पोराचं 'बाबा फास्ट चालवू नको' येईल.

पेटीवाले_बुवा
येतो सर. तारीख आणि वेळ मेसेज करा, त्या आठवड्यात एक बारी आहे कुडाळला ती सोडून कुठलाही दिवस. पखवाजवाला आणत नाही, पेटी आणि एक झांज बस. आणि कोरसला तुमच्याच शाळेतल्या मुली द्या चार-पाच, म्हणजे नुसत्या ऐकत बसणार नाहीत. मी काळी एकमध्ये गातो, मुलींना ते खाली पडेल, तेव्हा आदल्या दिवशी तासभर बसून पट्टी ठरवू. 'नको रे' वर थांबायचं किती, ते त्यांना कागदावर लिहून जमणार नाही, बरोबर गाऊनच शिकवावं लागेल.

आवाठातली
मुली मी पाठवते. एक तर पेटी पण वाजवते, तिला बुवांनी बाजूला बसवून घ्या.

पेटीवाले_बुवा
मग पेटी तिच्याकडेच देतो. मी झांज धरतो.